नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

आपल्या मराठी भाषेची एक गंमत आहे. मुलाचें बारसें करून आपण त्याचें 'नांव ठेवतों', आणि शेजारणीच्या स्वयंपाकास किंवा सुनेच्या वागण्यास आपण 'नांवें ठेवतों'. एकवचनांत जें मंगल, तेंच अनेकवचनांत निंदा! भाषा अशी उगीच बोलत नसते. ज्याचें नांव ठेवावयाचें त्याला पुढें जग नांवें ठेवणार नाहीं ना, ही धास्ती आईबापांच्या मनांत पाळणा सजविण्याच्या आधींपासूनच असते. आणि ती धास्ती या एका क्रियापदांत आपल्या पूर्वजांनीं जणूं कायमची बांधून ठेविली आहे.

या विषयाकडे वळण्यास निमित्त झालें तें एका वाचकभगिनीच्या पत्राचें. पत्रलेखिका सुशिक्षित असून मोठ्या एकत्र कुटुंबांत नांदत आहेत. दोन महिन्यांपूर्वीं त्यांस पुत्रलाभ झाला. परंतु नांवाचा निर्णय न झाल्यामुळें बारसें अद्यापि खोळंबलें आहे. गेल्या वर्षीं निवर्तलेल्या सासऱ्यांचें 'सखाराम' हें नांव नातवास ठेवावें, असा सासूबाईंचा आग्रह आहे. पत्रलेखिकेस सासऱ्यांविषयीं पूर्ण आदर आहे. परंतु 'सखाराम' म्हटलें कीं विजय तेंडुलकरांचें 'सखाराम बाइंडर' हें नाटक त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि तें नांव घेऊन मुलास हांक मारण्याची कल्पनाच त्यांना सोसवत नाहीं. यजमानांनीं मध्यममार्ग म्हणून 'रेयांश' हें नवें नांव सुचविलें आहे. तें सासूबाईंच्या जिभेवर बसत नाहीं. घरांत कोणी भांडत नाहीं, पण कोणी मोकळेपणानें बोलतही नाहीं, आणि बाळाला सारे जण नुसतें 'बाळ' म्हणतात, असें त्या लिहितात. अशा वेळीं शास्त्र काय सांगतें, आणि व्यवहार काय सांगतो, हा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम शास्त्राचें पाहूं. नामकरण हा सोळा संस्कारांपैकीं एक. मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें, त्याचा आरंभ घोषवर्णानें व्हावा, मध्यें य, र, ल, व यांपैकीं एखादा अंतस्थ यावा, तें कृदन्त असावें, तद्धितान्त नसावें. मुलीचें नांव मात्र विषम अक्षरांचें व आकारान्त असावें, असें पारस्कर गृह्यसूत्रांत सांगितलें आहे. घोषवर्ण म्हणजे ग, ज, द, ब यांसारखे, ज्यांच्या उच्चारांत कंठ निनादतो असे वर्ण. अंगणांतून हांक मारली असतां नांव दूरवर ऐकूं जावें, आणि जीभ मध्येंच अडखळूं नये, हा या नियमांचा व्यावहारिक अर्थ कोणाच्याही ध्यानांत येईल.

परंतु महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत पतंजलीनें याज्ञिकांचें जें मत नमूद केलें आहे, तें ध्वनीपुरतें थांबत नाहीं. व्याकरण कां शिकावें याचीं प्रयोजनें सांगतांना त्यानें नामकरणाचा दाखला घेतला आहे. पुत्राच्या नांवाच्या ज्या अटी याज्ञिक सांगतात, त्या व्याकरणावांचून कळावयाच्या नाहींत, हा त्याचा मुद्दा. त्या अटींत दोन शब्द असे आहेत कीं, आपल्या आजच्या प्रश्नाचीं दोन्हीं टोकें त्यांत सांपडतात. पहिला शब्द 'त्रिपुरुषानूक', म्हणजे बाप, आजा, पणजा या तीन पिढ्यांस अनुसरणारें नांव. दुसरा 'अनरिप्रतिष्ठित', म्हणजे शत्रूकडे रूढ नसलेलें नांव. पत्रलेखिकेच्या सासूबाई पहिल्या शब्दावर उभ्या आहेत, आणि स्वतः पत्रलेखिका दुसऱ्यावर. दोघींच्याही पायाखालीं शास्त्राचीच भूमि आहे, हें दोघींनीं प्रथम लक्षांत घ्यावें.

हा दुसरा शब्द मला फार मार्मिक वाटतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांतही विचारी माणसांना हें ठाऊक होतें कीं, नांवाचा अर्थ कितीही शुभ असला आणि नाद कितीही गोड असला, तरी तें नांव आधीं कोणी वागविलें आहे, हें पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. शब्दाला कोशांतला एक अर्थ असतो आणि लोकांच्या स्मरणांतला दुसरा. या दुसऱ्या अर्थास आपण 'अनुषंग' म्हणूं. कोशांतला अर्थ शतकानुशतकें टिकतो. अनुषंग मात्र एका माणसानें जडतो आणि कधीं कधीं दुसऱ्या एका माणसानें सुटतो.

शास्त्राचे नियम लोकांनीं कोठवर पाळले, हेंही पाहण्यासारखें आहे. पतंजलीनें दिलेल्या अटींत 'अवृद्ध' अशी एक अट आहे. ज्याच्या पहिल्या अक्षरांत आ, ऐ, औ यांपैकीं स्वर असेल, तें नांव व्याकरणाच्या परिभाषेंत 'वृद्ध' ठरतें, आणि असें नांव नको, असा तिचा अर्थ. या कसोटीस प्रत्यक्ष 'राम' हें नांव उतरत नाहीं! पण म्हणून कोणी रामाचें नांव ठेवावयाचें सोडलें नाहीं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांचें नांव असलेली कन्या वरूं नये, असें आहे. आतां आपल्या घरांतील जुन्या स्त्रियांचीं नांवें आठवून पाहा: गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, सरस्वती, रोहिणी, तुळसा, मैना! ज्या घरांत मनूचें नांव घेतल्यावांचून धर्मनिर्णय होत नसे, त्याच घरांत नद्यांच्या नांवाच्या सुना लक्ष्मीच्या पावलांनीं आल्या आणि त्यांनीं सोन्यासारखे संसार केले. नदीच्या पाण्याविषयींची कृतज्ञता स्मृतिकारांच्या शंकेहून बलवत्तर ठरली.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणाचें नांव मंगलवाचक, क्षत्रियाचें बलवाचक, वैश्याचें धनवाचक आणि शूद्राचें मात्र तुच्छतावाचक असावें, अशी आज्ञा आहे. ती वाचतांना आज मान खालीं जाते. दुसऱ्याच्या लेकराच्या कपाळावर जन्मतःच हीनतेचा अनुषंग डागून ठेवण्याचा हा प्रकार आहे. जी आज्ञा आपल्या लेकींच्या आड आली ती आपण सहज मोडली; जी दुसऱ्याच्या लेकरांच्या आड आली ती मोडण्यास मात्र आपल्याला फार दिवस लागले. नांवाचा विचार करतांना हें विसरूं नये.

गंमत अशी कीं, तेंच हीन नांव मायेनें ठेवलें असतां कवच होतें. ज्या घरांत मुलें जगत नसत, तेथें काळाची दृष्ट पडूं नये म्हणून मुद्दाम ओबडधोबड नांव ठेवण्याची चाल होती. धोंडू, दगडू, केरू, भिकू हीं नांवें त्याच जातीचीं. आतां त्यांचें पुढें काय झालें तें पाहा. धोंडो केशव कर्वे १८५८ सालीं जन्मले, स्त्रीशिक्षणासाठीं झिजले, आणि १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न झाले. केरो लक्ष्मण छत्रे हे गेल्या शतकाच्या मागील शतकांतील आपले थोर गणिती व ज्योतिर्विद. त्यांना केरूनाना म्हणतांना कोणाला केर आठवत नाहीं. आणि पुण्यास दगडूशेठ हलवायांच्या गणपतीपुढें रोज हजारों माथे टेकतात. त्या नांवांतला दगड कोणाच्या डोक्यांत येत नाहीं. नांवानें माणूस मोठा होत नाहीं. पण माणसानें नांव मोठें होतें, याला याहून चांगला पुरावा नको.

अनुषंग जडतो कसा आणि सुटतो कसा, याचीं उदाहरणें आपल्या इतिहासांत व वाङ्मयांत हवीं तेवढीं आहेत. १७९१ सालीं पुण्याच्या संतप्त लोकांनीं घाशीराम कोतवालास दगडांनीं ठेचून मारलें. १९७२ सालीं त्याच्यावरचें नाटक रंगभूमीवर आलें. तें नांव आतां कोणत्याही पाळण्यांत निजावयाचें नाहीं. राम गणेश गडकऱ्यांचें 'एकच प्याला' हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्यांतल्या 'तळीराम' या पात्राचें नांव मराठींत मद्यप्याचें सामान्यनाम होऊन बसलें. पोटांत रामाचें नांव असूनही त्याची सुटका झाली नाहीं. उलट कर्णाचें पाहा. दुर्योधनाच्या बाजूनें लढलेला हा वीर 'अनरिप्रतिष्ठित' या अटींत बसणार कसा? परंतु १९६७ सालीं शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' कादंबरी आली, आणि मराठी वाचकाच्या मनांत कर्ण शत्रुपक्षाकडून स्वपक्षांत आला. ('करण' हें हल्लींचें नांव ठेवणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, 'कर्ण' म्हणजे कान आणि 'करण' म्हणजे साधन, तीं दोन निरनिराळीं नांवें आहेत.)

'आनंदी' या नांवाची कथा तर याहून बोलकी आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि 'ध' चा 'मा' केल्याच्या आख्यायिकेनें आनंदीबाईचें नांव काळें झालें. पुढें कल्याणास १८६५ सालीं एक यमुना नांवाची मुलगी जन्मास आली. लग्नांत सासरचें नांव म्हणून तिला 'आनंदी' हेंच नांव मिळालें. १८८६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें तिनें वैद्यकाची पदवी घेतली. त्या डॉ. आनंदीबाई जोशी अवघ्या एकवीस वर्षांच्या आयुष्यांत तें नांव धुऊन स्वच्छ करून गेल्या. आज आपण मुलीस आनंदी म्हणतों तेव्हां शनिवारवाडा आठवत नाहीं, स्टेथस्कोप आठवतो. 'सिंधू' हेंही तसेंच. 'एकच प्याला'मुळें तें नांव सोशिक पत्नीच्या आंसवांनीं भिजलें होतें. अनाथांची माय झालेल्या सिंधुताई सपकाळांनीं त्याला धीर दिला, आणि २०१६ सालीं रिओ येथें ऑलिंपिकचें रौप्यपदक जिंकणाऱ्या पी. व्ही. सिंधू यांनीं त्याला पराक्रम दिला.

आतां बाजाराकडे वळूं. कारण पतंजलीच्या काळीं शत्रू नांव अडवून बसत असे, आपल्या काळीं दुकानदार अडवून बसतो. ऋग्वेदांत सुमारे वीस सूक्तें जिच्या स्तुतीस वाहिलीं आहेत, ती उषा आपल्या घरांत शिलाईच्या यंत्रावर आणि छताच्या पंख्यावर येऊन बसली. राणा प्रतापाचा चेतक स्कूटर झाला. १९८३ च्या डिसेंबरांत 'मारुती' ही मोटार रस्त्यावर आली, आणि अंजनीसुताच्या नांवाला चार चाकें लागलीं.

या शेवटच्या नांवाचा परिणाम मी वर्गांत पाहिला आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचें नांव मारुती. गांवाकडच्या आजोबांनीं नवसानें ठेवलेलें. मुलें त्याला 'आठशे' म्हणूं लागलीं. सुमीत नांवाच्या मुलास 'मिक्सर' म्हणत. प्रिया नांवाची मुलगी उभी राहिली कीं मागच्या बांकावरून स्कूटरच्या कर्ण्याचा आवाज येई. मुलांचा स्वभावच असा, कीं शब्दांतली कळ त्यांना आमच्यापेक्षां लौकर सांपडते. मी एके दिवशीं संस्कृतच्या तासास फळ्यावर 'दाशरथि' लिहिलें; दशरथाचा मुलगा तो दाशरथि, तर मारुति कोणाचा, असें विचारलें. मरुताचा, म्हणजे वाऱ्याचा, हें उत्तर त्या मुलानेंच दिलें. 'आठशे' हें नांव लगेच गेलें असें नाहीं. पण त्यानंतर कोणी चिडविलें तर 'आठशे कोणाच्या नांवावर निघाली तें विचार' असें तो उत्तर देऊं लागला. आपल्या नांवाचा अर्थ ज्याला सांगतां येतो, त्याला चिडविणें अवघड जातें, एवढें मी त्यावरून शिकलों.

बाजारानें नांव नेलें तर त्यांत नेहमीं अनादरच असतो, असें मात्र नाहीं. अहमदाबादेंत करसनभाई पटेलांनीं १९६९ सालीं धुण्याची पूड विकावयास आरंभ केला. तिला त्यांनीं आपल्या निरुपमा या मुलीचें लाडकें नांव दिलें: निरमा. ती मुलगी अकालीं गेली. बापाच्या मायेचें तें नांव देशांतल्या न्हाणीघरांतून घरोघर पोंचलें. पण आतां कोणी आपल्या लेकीस तें ठेवूं धजणार नाहीं. जर्मनींतील डाइम्लर कंपनीच्या मोटारी विकणाऱ्या एमिल येलिनेक या व्यापाऱ्यानें १८८९ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलीचें 'मर्सिडीज' हें नांव मोटारीस दिलें. १९०२ सालीं तें व्यापारचिन्ह म्हणून नोंदलें गेलें, आणि १९०३ सालीं त्या बापानें स्वतःच्या आडनांवासही तें जोडून घेतलें. मुलीनें बापाचें नांव लावावें ही जगाची रीत. येथें बापानें मुलीचें लावलें!

'लॅक्मे' या नांवाचा प्रवास तर फारच लांबचा. १८८३ सालीं पॅरिस येथें देलीब या संगीतकाराची एक संगीतिका रंगभूमीवर आली. तिची नायिका एका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी, आणि तिचें नांव लाक्मे, म्हणजे आपल्या 'लक्ष्मी'चें फ्रेंच रूप. १९५२ सालीं टाटांनीं प्रसाधनाच्या वस्तू काढल्या तेव्हां तेंच नांव घेतलें. म्हणजे आपल्या देव्हाऱ्यांतली लक्ष्मी फ्रान्सला जाऊन रंगभूमीवर उभी राहिली आणि परत येऊन आरशापुढें बसली.

कधीं कधीं प्रवाह उलटाही वाहतो. टाटांच्याच दागिन्यांच्या पेढ्यांचें 'तनिष्क' हें नांव बाजारांत आल्यावर कांहीं वर्षांनीं शाळेच्या पटावर 'तनिष्का' दिसूं लागल्या. त्यांतील 'निष्क' हा शब्द वेदकालीन आहे. गळ्यांतील सुवर्णालंकार, पुढें सुवर्णनाणें, असा त्याचा अर्थ. पण अख्खें नांव बाजारानेंच घडविलेलें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र अशा नांवाचा अर्थ कोणी 'सोन्याची देवी' असा सांगूं लागला, तर तो अर्थ दुकानांतला आहे, कोशांतला नव्हे, हें जाणून असावें.

परदेशांत हा प्रश्न याहून तीव्र झाला आहे. अमेरिकेंत 'अलेक्सा' हें मुलींचें आवडतें नांव होतें. २०१५ सालीं सुमारे ६,००० मुलींना तें ठेवलें गेलें. त्याच सुमारास अमेझॉन कंपनीचें, हांक मारली असतां उत्तर देणारें यंत्र घरोघर आलें. त्यासही तेंच नांव. २०२० सालीं तें नांव मिळालेल्या मुली सुमारे १,३०० उरल्या. कारण उघड आहे: ज्या नांवानें दिवसभर दिवा लाव, गाणें लाव, म्हणून हुकूम सोडावयाचा, त्या नांवानें लेकीस कसें बोलवावें? फ्रान्समध्यें एका दांपत्यानें मुलीचें नांव 'नुटेला' ठेवलें. तें तेथील पावाला लावण्याच्या एका गोड पदार्थाचें नांव. व्हॅलेन्सिएन येथील न्यायालयानें तें मुलीच्या हिताविरुद्ध ठरविलें, तिचें नांव 'एला' केलें, आणि २०१५ च्या जानेवारींत ही गोष्ट जगभर गाजली. आपल्याकडे न्यायालयाचें हें काम घरांतल्या आजी आणि आत्या करीत आल्या आहेत, आणि तें त्यांनीं करीत राहावें.

एवढा विस्तार केला, त्याचें तात्पर्य काय? मला तें असें दिसतें. आपण मुलाचें नांव ठेवतांना आपल्या पिढीच्या स्मरणांतले अनुषंग तपासतों. परंतु तें मूल तें नांव वागविणार आहे पुढच्या पिढीच्या घोळक्यांत, आणि त्या पिढीच्या स्मरणांत काय असेल, हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं. १९८० सालीं मुलाचें नांव मारुती ठेवणाऱ्या आजोबांना मोटार कशी दिसणार? अमेरिकेंतील त्या आयांना बोलणारें यंत्र कसें दिसणार? म्हणून अनुषंगाचा विचार अवश्य करावा, पण त्याच्या भरंवशावर निर्णय करूं नये. जें बदलत नाहीं त्यावर भर द्यावा: नांवाचा खरा अर्थ, त्याचा सुखद उच्चार, आणि तें कां ठेवलें याची घरांतली गोष्ट.

आतां या दृष्टीनें पत्रलेखिकेच्या घरचीं दोन्हीं नांवें पाहूं. 'सखाराम' या नांवाचा अनुषंग एकच नाहीं. पेशवाईंत सखाराम बापू बोकील हे साडेतीन शहाण्यांतले एक पुरे शहाणे गणले जात. तेव्हां सखाराम म्हणजे मुत्सद्दी. पु. ल. देशपांड्यांनीं सखाराम गटणे उभा केला, तेव्हां सखाराम म्हणजे पुस्तकांत बुडालेला निरागस मुलगा. १९७२ सालीं तेंडुलकरांचा सखाराम आला. पत्रलेखिकेस यांतला शेवटचा तेवढा बोंचतो. त्यांच्या मुलाच्या सोबत्यांना यांपैकीं एकही आठवणार नाहीं. त्यांना तें नांव नुसतें जुनें वाटेल, आणि जुन्याचें नवें व्हावयास एक पिढी पुरते. तेव्हां आक्षेप वाटतो तितका बळकट नाहीं.

'रेयांश' या नांवांत 'अंश' स्पष्ट आहे; पण 'रेय' असा शब्द मला कोशांत आढळला नाहीं. इंग्रजी 'रे' म्हणजे किरण घेऊन त्यास संस्कृत अंश जोडला असेल, तर तें जोडकाम झालें, समास नव्हे. नवीं नांवें नकोत, असें मी म्हणत नाहीं. 'अमोल' आणि 'सचिन' हीं नांवेंही आमच्या वडिलांना नवींच वाटलीं होतीं. पण त्या मारुतीप्रमाणें या मुलाला उद्यां कोणी अर्थ विचारला, तर सांगावयास त्याच्याजवळ खरें उत्तर असावें, एवढीच माझी अट आहे.

आणि सासूबाईंच्या आग्रहाविषयीं एक शब्द. जुन्या रीतींत पत्नी पतीचें नांव उखाण्यावांचून घेत नसे, आणि सून सासऱ्याचें घेत नसे. म्हणजे नातवाचें नांव सखाराम ठेवलें, तर त्या रीतीप्रमाणें आजीला आणि आईला त्या नांवानें हांकच मारतां यावयाची नाहीं! म्हणूनच आजोबांचें नांव मिळालेल्या नातवाला घरांत बाळ, नाना, अप्पा अशा दुसऱ्याच नांवानें हांक मारीत. लोकमान्य टिळकांचें मूळ नांव केशव. पण घरांतलें 'बाळ' हेंच इतिहासांत राहिलें. यावरून दिसेल कीं, सासूबाईंना तें नांव दिवसांतून दहा वेळां उच्चारावयाचें नाहीं. गेलेला माणूस घरांतून पुसला जाऊं नये, एवढेंच त्यांना हवें आहे. ही गोष्ट सुनेनें ओळखली आणि तसें त्यांच्याजवळ बोलून दाखविलें, तर अर्धा प्रश्न त्या बोलण्यानेंच सुटेल.

उरलेला अर्धा सोडविण्याची सोय आपल्या संस्कारांतच आहे. नामकरणांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिकनाम अशीं चार नांवें ठेवण्याची परंपरा आहे. 'सखाराम' या नांवांत राम आहेच. तेंच बाळाचें देवतानाम करावें, पाळण्यापाशीं आत्यानें तें प्रथम कानांत सांगावें, आणि आजीनें तें ऐकावें. व्यावहारिक नांव आईबापांनीं एकमतानें निवडावें. जमल्यास आजोबांच्या नांवांतला 'सखा' त्यांत अर्थानें राहावा. 'मैत्रेय' हें नांव मला सुचतें. तें पतंजलीच्या अटीप्रमाणें 'वृद्ध' ठरेल हें खरें. पण जेथें राम अडला नाहीं तेथें मैत्रेयही अडणार नाहीं. निर्णयापूर्वीं दोन साध्या परीक्षा कराव्या. घरांतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना तें नांव सांगून पाहावें. त्यांत चिडविण्यासारखें कांहीं असेल तर तीं तत्काळ शोधून काढतील. आणि तें पूर्ण लिहून पाहावें. महाराष्ट्रांत १ मे २०२४ पासून शासकीय कागदांत मुलाच्या नांवापुढें आईचें नांव, मग वडिलांचें, मग आडनांव, असा क्रम ठरला आहे.

घाईही नाहीं. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. परंतु नांव त्या नोंदींत १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालतां येतें, आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तरी १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशापासून पुढें हा दाखलाच मुख्य आधार झाला असल्यामुळें, वर्षाच्या आंत तें काम उरकावें हें बरें. दोन महिने नुसतें 'बाळ' म्हणवून घेणाऱ्या त्या चिरंजीवास माझे आशीर्वाद. त्याचें जें नांव ठेवाल तें मला अवश्य कळवावें. मी त्याला नांवें ठेवणार नाहीं.